पालकांची चिठ्ठी : अमेरिकेतील सरकारी शाळा आणि धर्म (१८४२ ते २०२५)

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी दिलेल्या एका निकालाची आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीच्या शाळा मंडळाने प्राथमिक वर्गांसाठी काही गोष्टींची पुस्तके निवडली होती. त्यांत समलिंगी आणि पारलिंगी पात्रे होती. काही मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पालकांनी मागणी केली, की ही पुस्तके वाचायची असतील तेव्हा आम्हाला आधी कळवावे आणि आमच्या मुलांना तेवढा वेळ वर्गाबाहेर बसू द्यावे. मंडळाने सुरुवातीला ही मुभा दिली आणि मार्च २०२३ मध्ये ती काढून घेतली. अर्ज वाढले, ते सांभाळता येईनात, असे एक कारण मंडळाने दिले. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांची बाजू घेतली आणि दावा चालू असेपर्यंत ही मुभा द्यावी, असा कौल दिला.

परंपरावाद्यांनी याला विजय म्हटले, उदारमतवाद्यांनी शाळेवरचे संकट म्हटले. मला मात्र या मागणीचे शब्द ओळखीचे वाटले. पालकाने चिठ्ठी द्यावी आणि मुलाला वर्गातून सुटका मिळावी, ही मागणी अमेरिकेत १८४२ मध्येही झाली होती. तिच्यापायी फिलाडेल्फिया शहरात चर्च जळाले होते आणि माणसे मेली होती. फरक एवढाच, की तेव्हा मुलांना ज्याच्यापासून दूर ठेवायचे होते ती गोष्ट म्हणजे बायबलचे वाचन.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. वाचन रात्रीचे, आणि गुरू असा कोणी नाही. पण न्यायालयांची निकालपत्रे वाचायची सवय फार जुनी. कायद्याचा कीस काढण्याआधी न्यायाधीशाला घडलेली हकीगत सांगावीच लागते, आणि त्या हकीगतीत शाळा, शिक्षक आणि मुले जशीच्या तशी भेटतात. अमेरिकेतल्या धर्म आणि शाळा या वादाचा इतिहास बहुधा मोठ्या पुढाऱ्यांच्या भाषणांतून सांगितला जातो. या लेखात मी तो त्या एका चिठ्ठीच्या मागे जाऊन सांगणार आहे. चिठ्ठी कोणाच्या हातात होती हे पाहत गेले, की कोण परंपरावादी आणि कोण सुधारक, हे शब्दही जागा बदलताना दिसतात.

सर्वांचे म्हणून ठेवलेले बायबल

अमेरिकेत सर्वांसाठी फुकट सरकारी शाळा असावी ही चळवळ १८३०च्या सुमारास जोर धरू लागली. तिचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता होरेस मान. १८३७ ते १८४८ तो मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा सचिव होता. त्याच्या आधीच, १८२७ मध्ये, त्या राज्याने कायदा करून एखाद्या विशिष्ट पंथाची तरफदारी करणारी पुस्तके शाळांत लावण्यास बंदी घातली होती. मानची भूमिका अशी, की शाळेत पंथ शिकवायचा नाही, पण बायबल वाचायचे, तेही कोणतेही भाष्य न करता. अर्थ ज्याचा त्याने लावावा. त्या काळातल्या कर्मठ प्रोटेस्टंट धर्मगुरूंना हेसुद्धा पचले नाही. मान शाळेतून धर्म हद्दपार करतो आहे, असा आरोप त्यांनी केला. म्हणजे शाळेतले बायबलवाचन, जे पुढे परंपरावाद्यांचे निशाण बनले, ते त्या वेळी सुधारकाने काढलेला मध्यममार्ग होता.

याच न्यू इंग्लंडमधून, याच वातावरणातून, अमेरिकन मिशनरी आपल्याकडे येत होते. सिंथिया फरार मुंबईत उतरली ती १८२७ मध्ये. पुढे तिने अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. शाळा म्हणजे अक्षर आणि अक्षर म्हणजे बायबल, हे समीकरण त्या माणसांना श्वासाइतके सहज वाटत होते. ज्याला ते सहज वाटत नव्हते तो मनुष्य त्यांना आपल्या देशात प्रथम भेटला तो आयरिश कॅथलिकांच्या रूपाने.

प्रोटेस्टंटांचे बायबल म्हणजे किंग जेम्सची प्रत. कॅथलिकांचे डुए-ऱ्हीम्सचे भाषांतर वेगळे, आणि त्यात पाठोपाठ चर्चच्या टिपा छापलेल्या. टिपांशिवाय सामान्य माणसाने बायबल वाचून मनाला येईल तो अर्थ काढावा, ही कल्पनाच कॅथलिकांच्या दृष्टीने प्रोटेस्टंट होती. भाष्याविना वाचन ही मानला तटस्थता वाटे, पण कॅथलिक पालकाला त्यात दुसऱ्याच्या धर्माची शिकवण दिसे.

फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केन्रिक यांनी नोव्हेंबर १८४२ मध्ये शहराच्या शाळा नियंत्रकांना पत्र लिहिले. आमच्या मुलांना आमच्या प्रतीतून वाचू द्या आणि प्रोटेस्टंट प्रार्थना-स्तोत्रांतून मोकळे ठेवा, एवढेच मागणे. जानेवारी १८४३ मध्ये नियंत्रकांनी ठराव केला, की ज्यांच्या पालकांचा सदसद्विवेकबुद्धीने विरोध आहे त्या मुलांना वाचनाला बसण्याची सक्ती नाही. दुसरी प्रत वापरायलाही हरकत नाही, मात्र ती टिपांविना असावी. कॅथलिकांची प्रत टिपांसकट छापलेली, म्हणून ती बाहेरच राहिली. चिठ्ठी मात्र मिळाली.

पण चिठ्ठी कागदावर सोपी असते, वर्गात नाही. वाचन सुरू होताना काही मुले उठून बाहेर जाणार, संपल्यावर परत येणार, या ये-जा करण्यात गोंधळ होऊ लागला. केन्सिंग्टन भागातल्या एका मुलींच्या शाळेत ह्यू क्लार्क नावाच्या कॅथलिक शाळा-संचालकाने या गोंधळाबद्दल विचारपूस केली. १८४४च्या सुरुवातीला शहरभर बातमी पसरली, की कॅथलिकांनी शाळेतले बायबल बंद केले. परदेशातून आलेल्यांच्या विरोधात आधीच पेटलेल्या संघटनांना एवढे पुरेसे होते. मे महिन्यात तीन दिवस दंगल झाली. सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्च जाळली गेली, क्लार्कच्या घरावर हल्ला झाला. जुलैत पुन्हा साउथवर्क भागात दंगल उसळली आणि सैन्याला तोफा आणाव्या लागल्या. दोन्ही वेळचे मिळून किमान २० माणसे मेली.

छडी आणि दहा आज्ञा

पंधरा वर्षांनंतरची बोस्टनची हकीगत लहान आहे, पण अधिक बोलकी आहे. मार्च १८५९ मध्ये तिथल्या एलियट शाळेत टॉमस व्हॉल या दहा-अकरा वर्षांच्या कॅथलिक मुलाने दहा आज्ञा प्रोटेस्टंट पाठाप्रमाणे म्हणायला नकार दिला. शिक्षकाने त्याच्या हातांवर वेताच्या छडीने सुमारे अर्धा तास मारले. शेकडो कॅथलिक मुलांना शाळेतून बाहेर काढण्यात आले. शिक्षकावर मारहाणीचा खटला झाला आणि तो निर्दोष सुटला.

दहा आज्ञा दोघांच्याही त्याच, मग भांडण कशाचे? तर क्रमांकाचे. मूर्ती करू नये हे वाक्य बहुतेक प्रोटेस्टंट दुसरी आज्ञा म्हणून वेगळे मोजतात. कॅथलिक ते पहिल्या आज्ञेत धरतात आणि शेवटची, परक्याच्या वस्तूंचा लोभ धरू नये ही आज्ञा, दोन भागांत मोजतात. ज्याच्या चर्चमध्ये संतांच्या मूर्ती आहेत त्या मुलाने भर वर्गात मूर्तिनिषेध स्वतंत्र आज्ञा म्हणून म्हणायचा, म्हणजे स्वतःच्या घरावरच ठपका ठेवायचा. जून २०२४ मध्ये लुइझियाना राज्याने प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञांचा तक्ता लावण्याचा कायदा केला, तेव्हा मजकूरही कायद्यातच छापून दिला. हा मजकूर कोणाचा, हा व्हॉलच्या हातावर उमटलेला प्रश्न त्यामुळे पुन्हा न्यायालयात गेला. केंटकी राज्याचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच रद्द केला होता. तरी लुइझियानामागून टेक्सासनेही २०२५ मध्ये तोच मार्ग धरला.

या अनुभवातून कॅथलिकांनी धडा घेतला तो वेगळी शाळा काढण्याचा. १८८४ च्या बाल्टिमोर धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असे ठरवले. या शाळांना सरकारी पैसा मिळू नये म्हणून १८७५-७६ मध्ये घटनादुरुस्ती मांडली गेली. ती सीनेटमध्ये पडली, पण अनेक राज्यांनी तशीच कलमे आपापल्या राज्यघटनांत घातली. धर्म आणि सरकारी पैसा यांच्यामधली ही भिंत उभी करण्यात तत्त्वनिष्ठा किती आणि कॅथलिकद्वेष किती, हे आजही वेगळे काढता येत नाही.

१९२५ : एकाच उन्हाळ्यातील दोन निकाल

१९२२ मध्ये ओरेगन राज्यात मतदारांनी कायदा मंजूर केला, की ठरावीक वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. कू क्लक्स क्लॅन या कायद्याच्या पाठीशी होती, आणि रोख कॅथलिक शाळांवर होता. सरकारी शाळेची सक्ती हा तेव्हा परंपरावाद्यांचा कार्यक्रम होता, हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने १ जून १९२५ रोजी तो कायदा रद्द केला. मूल घडवण्याचा पहिला हक्क पालकांचा आहे, सरकारने त्याला एकाच साच्यात ओतू नये, असे तत्त्व या निकालात आले. २०२५ च्या निकालाची वंशावळ इथपर्यंत पोहोचते.

त्याच वर्षी जुलैमध्ये टेनेसीतल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला. त्याला १०० डॉलर दंड झाला, आणि १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक कारणावरून शिक्षा रद्द केली. कायदा मात्र १९६७ पर्यंत पुस्तकात राहिला. या खटल्यात सरकारी बाजूने उभा राहिलेला विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा केवळ अडाणी धर्मवेडा होता, असे चित्र नाटक-सिनेमांनी रंगवले. प्रत्यक्षात तो तीनदा अध्यक्षपदाचा उमेदवार झालेला, शेतकऱ्यांचा आणि कष्टकऱ्यांचा पुढारी होता. त्याचा मुद्दा साधा होता. शिक्षकाचा पगार जो करदाता देतो त्याच्या श्रद्धेविरुद्ध शिक्षकाने शिकवू नये. हा मुद्दा लोकशाहीचाच आहे, म्हणून तो खोडायला अवघड. बहुमताने ठरवलेले सर्व काही शाळेत आणता येते का, हा प्रश्न डेटनमध्ये सुटला नाही. तो पुढे सरकला.

वर्गाबाहेर उभे राहणारे मूल

पेनसिल्व्हेनियात रोज सकाळी शाळेत बायबलमधली किमान दहा वचने भाष्याविना वाचावीत असा कायदा होता. म्हणजे मानच्या काळचीच पद्धत. नोव्हेंबर १९५६ मध्ये अ‍ॅबिंग्टन येथील एलरी शेम्प हा १६ वर्षांचा विद्यार्थी त्या वाचनाच्या वेळी कुराण उघडून बसला. शेम्प कुटुंब युनिटेरियन पंथाचे होते. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात हरल्यावर राज्याने १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, की पालकाची लेखी चिठ्ठी असेल तर मुलाला सूट. चिठ्ठी आहे, मग तक्रार कसली, असा राज्याचा युक्तिवाद.

त्यावर एलरीच्या वडिलांनी दिलेली साक्ष निकालपत्रात नोंदली आहे आणि ती मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटते. त्यांनी चिठ्ठी देण्याचा विचार केला होता आणि सोडून दिला. मुले विक्षिप्त ठरतील, त्या काळात नास्तिक म्हणजे कम्युनिस्ट आणि म्हणून देशद्रोही असा शिक्का बसेल, आणि वाचन होईपर्यंत त्यांना बाहेर व्हरांड्यात उभे राहावे लागेल. व्हरांड्यात उभे राहणे ही शाळेत एरवी शिक्षा असते. येणारी-जाणारी मुले त्यांना शिक्षा झालेली मुले समजतील. १७ जून १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी वाचन घटनाविरोधी ठरवले. चिठ्ठीची सोय असल्याने दोष धुतला जात नाही, हे स्पष्ट सांगितले. त्याच निकालात असेही म्हटले, की धर्मांचा आणि बायबलचा अभ्यास साहित्य व इतिहास म्हणून शाळेत जरूर व्हावा. हा भाग दोन्ही बाजूंचे लोक सोयीस्करपणे विसरतात.

त्याच्या आदल्या वर्षी, जून १९६२ मध्ये, न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने रचलेली २२ शब्दांची प्रार्थना न्यायालयाने रद्द केली होती. ती कोणत्याही एका पंथाची वाटू नये याची काळजी घेतली होती. त्या निकालाचा निषेध करणाऱ्यांत न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन अग्रभागी होते. १८४० च्या सुमारास याच धर्मप्रांताचे बिशप जॉन ह्यूज शाळांतल्या प्रोटेस्टंट धर्मपाठाविरुद्ध झगडत होते. सव्वाशे वर्षांत कॅथलिक समाज दारातून आत येऊन घराचा मालक झाला होता. पेशा बदलला की युक्तिवाद बदलतो तसे हे झाले.

यानंतर परंपरावाद्यांनी प्रार्थना परत आणण्यासाठी घटनादुरुस्तीचा मार्ग धरला. रेगन यांच्या पाठिंब्याने आलेला प्रस्ताव मार्च १९८४ मध्ये सीनेटमध्ये ५६ विरुद्ध ४४ मतांनी पडला. बहुमत होते, दोन-तृतीयांश नव्हते. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या धार्मिक मंडळांना इतर मंडळांसारखीच शाळेची जागा मिळावी असा कायदा झाला आणि १९९० मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला. शाळेने प्रार्थना घ्यायची नाही, पण मुलांनी आपण होऊन केली तर अडवायचे नाही, ही रेषा तिथे आखली गेली. २०२२ मध्ये सामना संपल्यावर मैदानात गुडघे टेकणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल लागला तेव्हा तीच रेषा शिक्षकापर्यंत ताणली गेली.

चिठ्ठी हात बदलते

टेनेसीतल्या हॉकिन्स काउंटीत १९८३ मध्ये काही कर्मठ प्रोटेस्टंट पालकांनी वाचनमालेतल्या पुस्तकांवर आक्षेप घेतला. त्यांतल्या गोष्टी आपल्या श्रद्धेला धक्का देतात, सर्व धर्म सारखेच असे सुचवतात, असे त्यांचे म्हणणे. पुस्तके बंद करा असा दावा त्यांनी लावला नाही. आमच्या मुलांना दुसरे पुस्तक वाचू द्या, एवढेच मागितले. केन्रिकच्या पत्रातले तेच शब्द, पण आता ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी शाळेत बायबल ठेवले त्यांच्याच वारसांच्या तोंडी. १९८६ मध्ये खालच्या न्यायालयाने मुभा दिली, १९८७ मध्ये वरच्या न्यायालयाने ती काढून घेतली. मुलांना काही म्हणायला लावले नाही, काही मान्य करायला लावले नाही, नुसते वाचायला लावले, आणि वाचणे म्हणजे सक्ती नव्हे, असे कारण दिले. २०२५ च्या निकालाने ही सीमारेषा पुसट केली. लहान मुलाला शिक्षक जे पुन्हा पुन्हा वाचून दाखवतो त्याचा भार श्रद्धेवर पडू शकतो, असे बहुमताने मानले.

तिसरी वाट पैशाची. २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या पालकांना सरकारी मदत घेऊन धार्मिक शाळेत मूल पाठवता येईल असा निकाल लागला, आणि २०२२ मध्ये मेन राज्याला खासगी शाळांना पैसा देताना धार्मिक शाळा वगळता येणार नाही असे ठरले. इथे चिठ्ठी एका तासाची राहिली नाही. मूल कायमचेच बाहेर पडते आणि पैसा त्याच्यासोबत जातो.

या पावणेदोनशे वर्षांवरून मला दिसते ते असे. वर्गात जो अल्पसंख्य असतो तो चिठ्ठी मागतो. जो बहुसंख्य असतो तो म्हणतो, की हे तर सर्वांचेच आहे, यात कोणाला काय अडचण? १८४४ चा प्रोटेस्टंट आपल्या बायबलबद्दल हेच म्हणत होता आणि २०२३ चे शाळा मंडळ आपल्या पुस्तकांबद्दल हेच म्हणत होते. याचा अर्थ दोन्ही गोष्टी सारख्या, असे मी म्हणत नाही. प्रार्थनेत मुलाच्या तोंडून शब्द वदवले जातात. गोष्टीत मूल ऐकते, आणि शाळेत आपल्याहून वेगळ्या माणसांबद्दल ऐकायलाच तर जायचे असते. न ऐकण्याची मुभा प्रत्येक घराला प्रत्येक पानासाठी मिळाली, तर उद्या डार्विनच्या धड्यालाही चिठ्ठ्या येतील. पण मुभा मागणाऱ्याला मागासलेला ठरवून दार लावले, तर तो शाळाच सोडून जातो, हा १८८४ चा धडा आहे. आणि शाळा सोडून गेलेले मूल मग कोणाबद्दलच ऐकत नाही.

आपल्या राज्यघटनेने ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, की सर्वांच्या करातून आलेला पैसा एका धर्माच्या शिकवणीवर खर्च करता येणार नाही, आणि या देशात धर्म इतके आहेत की सर्वांचे शिक्षण देणे सरकारला शक्य नाही. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते असेल, उपासना असेल, तर मुलाच्या पालकाने संमती दिल्याशिवाय त्याला त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. हा बारकावा पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत ज्याला नको त्याने चिठ्ठी आणायची. आपल्या घटनेत ज्याला हवे त्याची चिठ्ठी शाळेने मागायची. शेम्पच्या मुलांना व्हरांड्यात उभे करणारी ती शिक्षा आपल्या घटनाकारांनी एका वाक्याने टाळली.

वाक्य लिहिले गेले, रिवाज मात्र जुनाच राहिला. केरळमधल्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटले नाही म्हणून शाळेतून काढले, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. ती उभी राहत होती, फक्त गात नव्हती. या निकालात झेंडावंदनाच्या सक्तीवरचा १९४३ चा अमेरिकन निकाल आधारासाठी घेतला आहे. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाला शाळेतल्या प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले. ही प्रकरणे न्यायालयापर्यंत पोहोचली म्हणून आपल्याला माहीत आहेत. मी ज्या अनुदानित शाळेत शिकलो तिथे रोज प्रार्थना होत असे, आणि दर गुरुवारी आरती. आमच्या वर्गात दोन मुले मुसलमान होती, एक ख्रिस्ती. त्यांच्या घरी संमतीचा कागद गेल्याचे मला आठवत नाही. तीही आमच्याबरोबर हात जोडून उभी असत. आम्हाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. त्यांना काय वाटत होते, हे विचारण्याची पद्धत नव्हती.